दोन पातळ हात

डर्बीला माझ्या भाच्याकडे रात्री नऊला ओटा आवरला की जेवणाच्या टेबलावर जुनं वर्तमानपत्र अंथरलं जातं. त्यावर वाकत्या मानेचा दिवा, पाण्याचे दोन पेले, डोळ्यांच्या औषधाच्या असाव्यात तशा रंगाच्या चिमुकल्या बाटल्या आणि एक पसरट डबी. डबीत ओला स्पंज, त्यावर बटर पेपर. रंग त्या कागदावर घ्यायचा, म्हणजे तासभर वाळत नाही. गेल्या वर्षी मी तिथे पंधरा दिवस होतो. दुसऱ्याच रात्री त्याने माझ्या हातात एक करडा प्लास्टिकचा बुटका ठेवला. अंगठ्याच्या पेराहूनही लहान. पण दाढीला तीन वेण्या, प्रत्येक वेणीच्या टोकाला कडी, हातात दुहाती परशू, कमरेला बिअरचा मग.

मी बाटलीत कुंचला बुडवला आणि दाढीला लावला. वेण्या गायब.

"मामा, थांब. फाटक रंगवतोयस का?" त्याने बुटका काढून घेतला, जुन्या टूथब्रशने घासला आणि रंगात पाणी घालून परत दिला. "दोन पातळ हात."

रंगाचे हात द्यायचे हे आपल्या रंगाऱ्यांचंही बोलणं, त्यामुळे मला ते घरचं वाटलं. प्रत्यक्षात तो या छंदातला जगभरचा मंत्र आहे. गेम्स वर्कशॉप या कंपनीच्या चित्रफितींमधून पूर्वी मूर्ती रंगवायला शिकवणाऱ्या डंकन ऱ्होड्स यांच्या तोंडी तो इतक्या वेळा आला की आता लोक टी-शर्टवर छापतात. पहिला हात दिल्यावर काम बिघडलं असंच वाटतं. दुसऱ्या हाताने ते सावरतं. मग 'वॉश' म्हणजे शाईसारखं पातळ काळपट पाणी. ते वेण्यांच्या खाचांत उतरतं आणि सावल्या आपोआप पडतात. शेवटी 'ड्रायब्रश'. कुंचल्यावरचा रंग फडक्याला पुसून जवळजवळ कोरडा करायचा आणि उंचवट्यांवरून नुसता फिरवायचा. कडीची धार उजळते, परशूचं पातं चमकतं. तीन रात्री गेल्या आणि माझा एक बुटका झाला. भाच्याच्या कपाटात तसे दोनशेच्या वर होते. करडे, न रंगवलेले किती, हे त्याने बायकोदेखत सांगितलं नाही.

टेबलावर सैन्य मांडून, फूटपट्टीने अंतर मोजून, फासे टाकून लढण्याचा हा खेळ. त्याचं मूळ शोधायला गेलं तर पाऊल थेट आपल्याच अंगणात पडतं. हत्ती, घोडा, रथ, पायदळ या चतुरंगातून बुद्धिबळ झालं, आणि १७८० मध्ये जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगचे गणिताचे शिक्षक योहान हेलविग यांनी बुद्धिबळाचाच पट वाढवून त्यावर नद्या, डोंगर आणि तोफा आणल्या. पुढे रायस्वित्झ नावाच्या प्रशियन सरदाराने १८१२ मध्ये राजाला एक टेबलच भेट दिलं: खण काढले की त्यातून प्लास्टरच्या डोंगर-नद्यांचे तुकडे निघत, हवी तशी भूमी मांडावी. ते बर्लिनमध्ये अजून जपलेलं आहे. लष्कराच्या उपयोगाला मात्र आला तो त्याच्या मुलाचा १८२४ चा खेळ. त्यात देखणं टेबल नव्हतं. साधा नकाशा, धातूचे ठोकळे, फासे आणि निकाल देणारा पंच, एवढंच. सेनाप्रमुखांनी तो पाहिला आणि हा खेळ नव्हे, युद्धाचं शिक्षण आहे असं म्हणून पलटणींना शिफारस केली. देखणेपण गेलं तेव्हा खेळ गंभीर झाला. उरलेली दोनशे वर्षं, माझ्या मते, त्याने ते देखणेपण परत मिळवण्यात घालवली.

ते परत आणणाऱ्यांत एक थोर नाव आहे, एच. जी. वेल्स यांचं. १८९३ पासून लंडनच्या ब्रिटन कंपनीने शिशाचे पोकळ सैनिक ओतायला सुरुवात केली होती. आतून पोकळ, म्हणून धातू कमी, म्हणून स्वस्त. मध्यमवर्गीय घरांत पलटणीच्या पलटणी शिरल्या. वेल्सनी १९१३ मध्ये 'लिटल वॉर्स' लिहून त्यांच्या लढाईचे नियम घालून दिले. त्यात स्प्रिंगच्या खेळण्यातल्या तोफेने खरोखर लाकडी गोळा उडवायचा आणि जो सैनिक आडवा होईल तो मेला. जेवण झाल्यावर अशा तोफेने पहिला सैनिक टिपून या साऱ्याची सुरुवात करणाऱ्या मित्राचा उल्लेख वेल्स 'जे. के. जे.' एवढाच करतात. तो मित्र म्हणजे जेरोम के. जेरोम असं मानलं जातं. होडीतल्या तिघांची गोष्ट लिहिणाऱ्या त्या लेखकाने शिशाचे शिपाई टिपावेत, हे मला त्याला शोभणारंच वाटलं. खऱ्या लढाईपेक्षा ही छोटी लढाई किती शहाणी, असंही वेल्सनी त्यात मांडलं होतं. पुढच्या वर्षी पहिलं महायुद्ध सुरू झालं.

तोवर टेबलावर होते ते इतिहासातले सैनिक. राक्षस आणि चेटकिणी आल्या त्या अमेरिकेतून, टॉल्किनच्या कादंबऱ्या तिथल्या कॉलेजांत वाचल्या जाऊ लागल्यावर. विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा गावचे गॅरी गायगॅक्स यांनी जेफ पेरेन यांच्यासह १९७१ मध्ये 'चेनमेल' ही मध्ययुगीन लढाईची नियमपुस्तिका काढली. तिच्या शेवटी जादूगार, ड्रॅगन, हॉबिट यांच्यासाठी एक पुरवणी जोडली. या पुरवणीच्या आधारे १९७४ मध्ये 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ उभा राहिला, आणि कायदेशीर हरकत आल्यावर त्यातल्या हॉबिटचं नाव 'हाफलिंग' झालं. त्या काळात राक्षसांच्या मूर्ती विकत फारशा मिळत नव्हत्या. गायगॅक्सनी स्वस्त दुकानातून हाँगकाँगच्या बनावटीची प्लास्टिकच्या विचित्र प्राण्यांची पिशवी आणली. डायनासोर म्हणून विकलेली, पण कुठल्याच डायनासोरसारखी न दिसणारी ती ध्यानं. त्यांतूनच त्या खेळातले गंज खाणारा राक्षस, घुबड-अस्वल आणि जमिनीखालून येणारा बुलेट जन्मले. आपल्या दिवाळीच्या किल्ल्यावर ज्या न्यायाने मावळ्याशेजारी प्लास्टिकचा जिराफ उभा राहतो, तोच न्याय.

मग नॉटिंगहॅम. भाचा मला तिथे घेऊन गेला, अर्ध्या तासाची गाडी. लेंटन भागात गेम्स वर्कशॉपचं मुख्यालय आहे आणि त्याला लागूनच दालन, जिथे काचेमागे हजारो मूर्तींची युद्धं गोठलेली आहेत. १९७५ मध्ये लंडनमधल्या एका फ्लॅटमध्ये इयन लिव्हिंगस्टन, स्टीव्ह जॅक्सन आणि जॉन पीक या तीन मित्रांनी ही कंपनी काढली, तेव्हा ते बॅकगॅमन, गो, मंकला अशा खेळांचे लाकडी पट बनवत. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या अमेरिकन खेळाची आयात सुरू झाली आणि लाकूड मागे पडलं. मूर्ती ओतण्यासाठी नॉटिंगहॅमजवळच्या न्यूआर्क गावी ब्रायन अन्सेल यांच्याबरोबर 'सिटाडेल' नावाचा कारखाना निघाला. अन्सेलना व्यापाराची नस सापडली होती. गुहेत शिरणाऱ्या चार-पाच साहसवीरांच्या खेळाला मूर्ती लागतात चार-पाच. सैन्याच्या खेळाला लागतात शंभर. १९८३ मध्ये अन्सेल, रिचर्ड हॅलिवेल आणि रिक प्रीस्टली यांनी 'वॉरहॅमर' काढला तो मूर्ती खपाव्यात म्हणून. नियम हे निमित्त. मला यात काही खटकत नाही. कापड विकायला शिंपी हवाच.

१९८७ मध्ये त्याचं अंतराळातलं भावंड आलं, 'वॉरहॅमर फॉर्टी थाउजंड', आणि खपात थोरल्याच्या पुढे गेलं. दोन्हींची सामग्री युरोपच्या घरातलीच: एक साम्राज्य जुन्या जर्मनीच्या छापाचं, एक राज्य आर्थर राजाच्या कथांतल्या फ्रान्सचं, आणि ऑर्क नावाचे हिरवे राक्षस बोलतात ते इंग्लंडमधल्या फुटबॉलच्या दंगलखोर पोरांचं इंग्रजी. जुन्या नकाशात पूर्वेला 'इंद' नावाचा देशही आहे. त्याची सेना कधीच निघाली नाही. उलट इतिहासाच्या खेळवाल्यांसाठी १८०३ च्या असईच्या लढाईतले मराठे आणि ईस्ट इंडिया कंपनीचे शिपाई इंग्लंडमध्ये ओतले जातात. जालना जिल्ह्यातलं असई आपल्याकडे किती जणांना ठाऊक आहे कोण जाणे. इंग्लंडमधल्या निवृत्त शिक्षकांच्या टेबलावर ते अजून लढलं जातं.

मूर्ती घडते कशी, ते पाहण्यासारखं आहे. पूर्वी शिल्पकार निळी आणि पिवळी अशा दोन पुट्ट्या मळून हिरवी करत आणि ती कडक व्हायच्या आत, तास-दीड तासात, सुईच्या टोकाने नाक-डोळे काढत. ती मूळ मूर्ती रबराच्या दोन तबकड्यांत दाबून भाजली की साचा तयार. साचा गरागरा फिरवायचा, मधोमध वितळलेला धातू ओतायचा, तो आपसूक कडेच्या मूर्तींमध्ये शिरतो. साचा भाजताना मूळ मूर्ती बहुधा मोडायची. १९९० च्या दशकात शिशाच्या विषाची चर्चा वाढली आणि शिशाची जागा कथलाच्या मिश्रधातूने घेतली. जुन्या शिशाला आणखी एक रोग असतो: ओकच्या कपाटात ठेवलं तर लाकडातून निघणाऱ्या आम्लाच्या वाफेने त्यावर पांढरी भुकटी धरते आणि सैनिक कपाटातच विरतो. आता बहुतेक काम संगणकावर आणि पोलादी साच्यात होतं. साचा महाग, पण प्लास्टिकच्या चौकटी लाखांनी निघतात. घरात रेझिनचा प्रिंटर बसवून स्वतःची सेना छापणारेही झालेत.

मूर्ती कोरणाऱ्या हातांचा विषय निघालाच आहे तर ॲलन आणि मायकेल पेरी या जुळ्या भावांबद्दल सांगायला हवं. सिटाडेलच्या असंख्य मूर्ती या दोघांच्या. दोघांनाही इतिहासाच्या लढाया वेशभूषा करून प्रत्यक्ष उभ्या करण्याचा नाद. १९९६ मध्ये अशाच एका प्रयोगात तोफ अवेळी उडाली आणि मायकेलनी उजवा हात गमावला. तोच कामाचा हात. ते डाव्या हाताने कोरायला शिकले आणि पुन्हा कामाला लागले. त्यांच्या आधीच्या आणि नंतरच्या मूर्ती शेजारी ठेवून फरक शोधायचा मी प्रयत्न केला. मला सापडला नाही.

कंपनीवर रागावणं हाही या छंदाचाच भाग आहे. एका सरदाराच्या प्लास्टिकच्या मूर्तीला वीस-पंचवीस पौंड पडतात, नियम दर काही वर्षांनी बदलतात. सगळ्यात मोठा घाव २०१५ चा. कंपनीने कथेत प्रलय घडवून जुनं वॉरहॅमर जगच बुडवलं आणि नवा खेळ आणला. जुन्यात सैनिक रांगेत उभे राहत, म्हणून त्यांच्या पायाखालचे तळ चौकोनी. नव्यात सुटे फिरतात, म्हणून गोल. तीस वर्षं जमवलेल्या सेनेचे पाय कापा, असाच त्याचा अर्थ लोकांनी घेतला. एकाने आपली सेना जाळून त्याची चित्रफीत काढली. जानेवारी २०२४ मध्ये कंपनीने 'द ओल्ड वर्ल्ड' या नावाने जुनं जग परत आणलं, चौकोनी तळांसकट. त्याच वर्षी डिसेंबरात ती लंडनच्या शेअर बाजारातल्या पहिल्या शंभर कंपन्यांच्या निर्देशांकात गेली. चेटकिणी आणि बुटके विकून.

भाच्याने सेना जाळली नाही आणि तळही कापले नाहीत. तो जुन्याच नियमांनी खेळतो. माझ्या निघण्याच्या आदल्या रविवारी आम्ही लढलो: माझे वीस बुटके, त्याचे गॉब्लिन, म्हणजे ऑर्कांचे लहान भाऊबंद. रंगवलेला एकमेव पुढच्या रांगेत. नवा रंगवलेला सैनिक पहिल्या लढाईत हमखास मरतो अशी या लोकांची समजूत आहे, पण नियम त्याच्या बाजूने होता: मेलेला सैनिक उचलायचा तो मागच्या रांगेतला. पुढची रांग दिसायला छान राहावी याची सोय नियमातच केलेली. गॉब्लिनांच्या दहा तिरंदाजांनी जवळून बाण सोडले. दहा फासे, चार किंवा वर पडला तर बाण लागला: सरासरी पाच. बुटक्याची कातडी जाड, म्हणून जखमेला पाच किंवा वर हवा: पाचांतले दीड-पावणेदोन. त्यातले एक तृतीयांश चिलखत अडवतं. उरला एक बुटका आणि थोडी खरचटलेली दाढी. प्रत्यक्षात मेले चार. सरासरी ही शंभर लढायांची गोष्ट, आपल्या वाट्याला एकच येते.

गॉब्लिनांच्या एका तुकडीने फाशावर एक पडल्याने लढायचं सोडून आपसांत भांडण काढलं. हा नियम मला फार आवडला, लेखक संघटनांच्या सभा आठवल्या. पण दुसरी तुकडी येऊन भिडली. मी दोनने हरलो. बुटक्यांचं धैर्य नऊ, त्यातून दोन वजा, म्हणजे दोन फाशांवर सात किंवा कमी हवं. छत्तीसपैकी एकवीस वेळा ते पडतं. मला दहा पडले. माझे बुटके पळाले, गॉब्लिनांनी गाठले आणि अख्खी तुकडी टेबलावरून उचलली गेली, पुढच्या रांगेसकट.

भाच्याने तो रंगवलेला बुटका कापसात गुंडाळून मला दिला. त्याच्या तळावर बारीक वाळू आणि गवताचे नायलॉनचे तंतू चिकटवले आहेत, दोन मिलिमीटर उंचीचे. शनिवार पेठेत किल्ला करताना आम्ही त्याच कामाला अळीव पेरायचो. फरक एवढाच की आमच्या किल्ल्यावर प्रमाणाची फिकीर नसे. महाराज बुरुजाहून उंच आणि मावळा महाद्वाराच्या दुप्पट. तिकडे माणूस तळापासून डोळ्यांपर्यंत अठ्ठावीस मिलिमीटर की बत्तीस, यावर मैत्र्या तुटतात. आणि आमचे मावळे रंगवूनच मिळायचे: गुलाबी तोंड, काळ्या ठिपक्याचे डोळे, एकाच फराट्याची मिशी. कुंभाराने ते एका दिवसात शेकड्यांनी उरकलेले असत आणि तो वेग त्या मिशीत दिसायचा. आम्ही ते किल्ल्यावर मांडले. आम्ही कधी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं नाही.

या वर्षी किल्ल्यासाठी मावळे आणायला जाल तेव्हा कुंभाराला विचारून बघा, भाजलेले पण न रंगवलेले चार-पाच मिळतील का. शून्य नंबरचा कुंचला आणि पोस्टर कलर पुरतात. रंग बाटलीतून थेट लावू नका, आधी पाणी घाला. आणि पहिला हात पूर्ण वाळू द्या.