पहिली बंदूक आणि शस्त्र कायदा

चाप ओढला की एक गोळी सुटते आणि पुढची आपोआप भरली जाते, ती अर्ध-स्वयंचलित रायफल. पहिलेच हत्यार म्हणून पुष्कळांना तीच हवीशी वाटते. परंतु २०१६ च्या नियमांनी अशा बहुतेक रायफली निर्बंधित वर्गात घातल्या आहेत. म्हणून हत्यार निवडण्याआधी आपण आपली गरज पाहावी. १९५९ चा शस्त्र कायदाही तेच पाहतो.

त्याचे १३ वे कलम घ्या. पिकाच्या राखणीला ठासणीची बंदूक. ती पुरी पडत नसेल तर गुळगुळीत नळीची दुसरी. स्वसंरक्षणाला वा खेळाला गुळगुळीत नळीचीच, पण नळी २० इंचांहून आखूड नको. नेमबाजीला, मान्य रायफल क्लबच्या सभासदास, पॉइंट २२ रायफल. याहून वेगळे हत्यार हवे तर सबळ कारण पटवावे लागते. आणि परवाना म्हणजे रानडुक्कर मारण्याची मुभा नव्हे. तिथे १९७२ चा वन्यजीव कायदा आडवा येतो.

अर्ज इथेच, अलिबागेस जिल्हाधिकारी कचेरीत करावयाचा. "आमच्यापाशी ना जमीन ना घर, आम्हांला कोण परवाना देणार?" असे कष्टकरी माणूस म्हणतो. त्याने १४ वे कलम वाचावे. पुरेशी मालमत्ता नाही, एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येत नाही. नकार आलाच तर कारणे लेखी मागावीत आणि १८ व्या कलमाखाली अपील करावे. १८७८ च्या इंग्रजी कायद्याने गोऱ्यांना मोकळीक देऊन हिंदी माणसाला परवान्याने बांधले होते. आजचा कायदा कडक आहे. पण तो माणसाची ऐपत विचारीत नाही, गरज विचारतो.