शय्याव्रण : वेळेवर कूस बदलण्याचे महत्त्व

पक्षाघात, खुब्याचा अस्थिभंग किंवा वार्धक्य यांमुळे अंथरुणास खिळलेल्या रुग्णाची शुश्रूषा अनेक घरांत कुटुंबीयच करतात. औषधे वेळेवर दिली जातात, पथ्यही सांभाळले जाते. तरीही एके दिवशी अंग पुसताना कमरेखाली जखम आढळते. हेच शय्याव्रण, अर्थात ‘बेडसोअर’. खोल जखम भरून येण्यास कित्येक महिने लागतात आणि जंतुसंसर्ग रक्तात पसरल्यास ती प्राणावरही बेतते. पुष्कळ प्रसंगी ती टाळता येते.

व्रण का होतो?

निरोगी माणूस झोपेतही नकळत कूस बदलतो. रुग्णास ते जमत नाही. हाड आणि गादी यांच्यामध्ये त्वचा व मांस सतत दाबले गेले, की तेथील रक्तपुरवठा खुंटतो आणि पेशी मरू लागतात. माकडहाडाचा परिसर, टाचा, घोटे, खुबे, खांद्याची पाती व डोक्याची मागील बाजू ही धोक्याची ठिकाणे होत. घाम व मूत्र यांच्या ओलाव्याने त्वचा अधिकच नाजूक बनते.

दुसऱ्या महायुद्धापूर्वी मज्जारज्जूस इजा झालेले बहुतेक रुग्ण शय्याव्रण व मूत्रमार्गाच्या संसर्गाने दगावत. १९४४ मध्ये इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल रुग्णालयात डॉ. लुडविग गुटमन यांनी अशा रुग्णांची कूस दर दोन तासांनी, रात्रीदेखील, बदलण्याचा दंडक घातला. आजही बिछान्यातील रुग्णासाठी साधारणतः हेच अंतर धरले जाते. रुग्णाची त्वचा व गादी पाहून डॉक्टर त्यात बदल सुचवतात.

रुग्णास कसे निजवावे?

पूर्ण कुशीवर निजवल्यास सारा भार खुब्यावर येतो. म्हणून पाठीमागे उशी देऊन सुमारे ३० अंशांत कलते ठेवावे. एक उशी गुडघ्यांच्या मध्ये द्यावी. रुग्ण उताणा असता पोटऱ्यांखाली उशी ठेवावी, म्हणजे टाचा अधांतरी राहतात. जेवणाची वेळ वगळता उशाकडील बाजू शक्यतो ३० अंशांहून उंच नसावी. अन्यथा रुग्ण खाली घसरतो आणि त्वचेला आतून ओढ बसते. रुग्णास ओढू नये. अंगाखालील आडव्या चादरीच्या साहाय्याने दोघांनी उचलून सरकवावे.

रात्रीची पाळी एकाच व्यक्तीवर पडली, तर काही दिवसांतच नेम मोडतो. म्हणून पाळ्या वाटून घ्याव्यात आणि वेळ व कूस यांची नोंद उशाशी एका वहीत ठेवावी. हवेची गादी उपयुक्त असली, तरी ती कूस बदलण्यास पर्याय नव्हे.

धोक्याची सूचना

त्वचा रोज न्याहाळावी. बोटाने दाबूनही फिकी न पडणारी लाली ही पहिली सूचना होय. सावळ्या वर्णावर लाली सहज दिसत नाही. तेथे उष्ण, टणक वा दुखरा भाग हाताने चाचपावा. त्या जागी मालिश करू नये, तसेच मध्यभागी पोकळ असलेली गोल चकती वापरू नये. तिच्या कडांचा दाब रक्तपुरवठा अडवतो. त्वचा फाटल्यास, काळी पडल्यास, दुर्गंधी किंवा ताप आल्यास त्वरित डॉक्टरांना दाखवावे.