विश्लेषण : टायरला चिकटलेली माती काय सांगते? खंडाळ्याचा दगड आणि गुन्ह्याचा माग

नीरा नदी ओलांडून शिरवळ मागे पडले, की पुणे-सातारा महामार्ग खंडाळा तालुक्यातून खंबाटकी घाटाकडे चढू लागतो. घाटातल्या कापलेल्या डोंगरात काळ्या दगडाचे थर एकावर एक रचलेले दिसतात. या थरांचे वय शोधणारे शास्त्र आणि बुटाला चिकटलेल्या चिखलावरून गुन्हेगाराचा माग काढणारे शास्त्र, दोन्ही एकाच पायावर उभी आहेत. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञांनी घटनास्थळी जाऊन पुरावे गोळा करण्याची तरतूद आहे. ती टप्प्याटप्प्याने लागू होताना मातीच्या पुराव्याचे महत्त्वही वाढणार आहे.

खंडाळ्याचा दगड किती जुना?

हा दगड म्हणजे बेसाल्ट. जमिनीतल्या भेगांतून वाहिलेला लाव्हा थंड होऊन तो सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी तयार झाला. डायनासोर नष्ट झाले, तोच हा काळ. 'दख्खन ट्रॅप' नावाने ओळखला जाणारा हा लाव्हा आज सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे. त्यातल्या वरच्या थरांच्या गटाला साताऱ्यातल्याच वाईचे नाव आहे. भूशास्त्रात 'खंडाळा' नावाचाही थर आहे, पण तो लोणावळ्याजवळच्या खंडाळ्यावरून ओळखला जातो.

दोन लाव्हाथरांच्या मध्ये लालसर मातीचा पट्टा दिसतो. अशा काही पट्ट्यांत ज्वालामुखीच्या राखेतून आलेले झिरकॉनचे सूक्ष्म स्फटिक सापडतात. त्यातले युरेनियम ठरावीक गतीने शिशात बदलते. दोन्हींचे प्रमाण मोजले, की स्फटिकाचे वय कळते.

दगडाला 'ठसा' असतो म्हणजे काय?

डोळ्यांना सगळे थर सारखेच काळे दिसतात, पण त्यांची रासायनिक घडण वेगळी असते. वर येताना काही लाव्ह्यात पृथ्वीच्या जुन्या कवचाचा अंश जास्त मिसळला, काहींत कमी. त्यामुळे बेरियम, स्ट्रॉन्शियम, टायटॅनियम यांचे प्रमाण थरागणिक बदलते. १९८०च्या दशकात मुंबई आयआयटीचे के. व्ही. सुब्बाराव आणि परदेशातील भूवैज्ञानिकांनी याच आधारे सह्याद्रीतल्या थरांची क्रमवारी लावली. पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर ही थरांची नावे त्यातूनच रूढ झाली.

या ठशांचा मोठा उपयोग आंध्र प्रदेशात झाला. गोदावरीच्या मुखाजवळच्या राजमहेंद्री परिसरातील बेसाल्ट आंबेनळी आणि महाबळेश्वर थरांशी जुळला. सह्याद्रीकडचा लाव्हा सुमारे एक हजार किलोमीटर वाहत तिथे पोहोचला असावा, असे संशोधकांनी त्यावरून मांडले.

तपासात ही पद्धत कधी आली?

१९०४ मध्ये जर्मनीतील फ्रँकफर्टचे रसायनतज्ज्ञ गेओर्ग पोप यांच्याकडे एका खुनाचा तपास आला. घटनास्थळी सापडलेल्या रुमालावर कोळशाचे, तपकिरीचे आणि खनिजांचे कण होते. संशयित कोळसा जाळणाऱ्या गॅस कारखान्यात आणि खडीच्या खाणीतही काम करीत होता. त्याच्या पँटवर मातीचे दोन थर निघाले. एक घटनास्थळाशी, तर दुसरा संशयिताच्या घराकडच्या वाटेशी जुळला. पुरावा समोर येताच त्याने गुन्हा कबूल केला.

दुसऱ्या महायुद्धात जपानने अमेरिकेकडे बॉम्ब बांधलेले फुगे सोडले होते. त्यांच्या वजनाच्या पिशव्यांतील वाळूत कोणती खनिजे आहेत आणि कोणती नाहीत, हे पाहून अमेरिकी भूवैज्ञानिकांनी ती जपानच्या कोणत्या किनाऱ्यावरची असावी, याचा अंदाज बांधला होता.

खंडाळ्याच्या मातीत काय सापडते?

इथली माती बेसाल्ट झिजून झालेली. त्यामुळे तिच्यात फेल्डस्पार, पायरॉक्सीन, चुंबकाला चिकटणारे मॅग्नेटाइटचे काळे कण, दगडाच्या पोकळ्यांतून सुटलेले झिओलाइट आणि उन्हाळ्यात जमिनीला भेगा पाडणारी फुगीर चिकणमाती असते. उतारावरचा मुरूम, शिवारातली काळी माती आणि नीरेकाठचा गाळ यांत कणांचा आकार, रंग आणि चुनखडीचे प्रमाण वेगळे दिसते.

इथे ग्रॅनाइट उघडा पडलेला नाही. कोयना परिसरातील वैज्ञानिक खोदकामात तो सुमारे सव्वा किलोमीटर जाडीच्या बेसाल्टखाली लागला. त्यामुळे टायरच्या चिखलात अभ्रक आणि ग्रॅनाइटचे कण भरपूर निघाले, तर ते बाहेरून आल्याची शक्यता तपासावी लागते. सिंधुदुर्ग, पूर्व विदर्भ किंवा कर्नाटकातल्या जुन्या खडकांच्या प्रदेशात असे कण सहज मिळतात. मात्र स्वयंपाकघराच्या ओट्यासाठी कापलेल्या ग्रॅनाइटची पूडही तीच खनिजे सोडते, हेही ध्यानात ठेवावे लागते.

मर्यादा कोणत्या?

काळी माती शेकडो किलोमीटर पसरलेली आहे. 'संशयिताच्या बुटावरची माती घटनास्थळासारखी आहे' याचा अर्थ 'ती तिथलीच आहे' असा होत नाही. महामार्गावरून रोज जाणाऱ्या ट्रकचालकाच्या टायरलाही तीच माती लागू शकते. हा फरक न्यायालयात स्पष्ट झाला नाही, तर निरपराध माणूस अडकू शकतो. म्हणून माती जुळण्यापेक्षा न जुळणे हा अधिक ठाम निष्कर्ष मानला जातो. जुळणीला वजन येते ते दुर्मीळ गोष्टींमुळे. परागकण, रंगाचे कपचे, कारखान्याची धूळ, विटांचा चुरा किंवा क्रशरची पूड यांचे तेच मिश्रण दोन्हीकडे सापडले, तर योगायोगाची शक्यता कमी होते.

नमुना कसा घ्यावा लागतो?

घटनास्थळी एकच मूठ माती घेऊन भागत नाही. आजूबाजूच्या अनेक जागा आणि 'मी तिथे होतो' असे संशयित सांगतो त्या जागा, या सगळ्यांचे नमुने लागतात. टायरवरचा चिखलाचा गोळा न फोडता ठेवला, तर गाडी आधी कुठे आणि नंतर कुठे गेली याचा क्रम थरांवरून लावता येतो. ओले कपडे प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबले, तर बुरशी धरते. म्हणून ते वाळवून कागदी पिशवीत ठेवतात.

तज्ज्ञाचे मत भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ३९ नुसार ग्राह्य धरले जाते. मात्र ते मतच असते, निकाल न्यायालय देते. तुलनेसाठी तालुकावार मातीच्या नमुन्यांचा संग्रह हाताशी असेल, तर एखादी माती किती गावांत सापडते हेही तज्ज्ञाला न्यायालयात सांगता येईल.