हट्टी मूल कीं हट्टी बाप?

गेल्या आठवड्यांत कापडाच्या एका दुकानीं आम्ही बसलों असतां जो प्रकार दृष्टीस पडला, तो आमच्या वाचकांस नवा नाहीं. तीन-साडेतीन वर्षांच्या एका मुलानें वडिलांचा मोबाईल मागितला. वडील नाहीं म्हणाले. मूल रडूं लागलें. वडील पुन्हां नाहीं म्हणाले. मुलानें गादीवर अंग टाकून हातपाय झाडण्यास आरंभ केला, तेव्हां सारीं गिऱ्हाइकें वळून पाहूं लागलीं, आणि ओशाळलेल्या त्या गृहस्थांनीं मुलाच्या पाठींत एक धपाटा घातला. रडणें दुप्पट झालें. शेवटीं मोबाईल मुलाच्या हातीं गेला, दुकान शांत झालें आणि साड्यांचा भाव पुढें सुरू झाला. "फार हट्टी आहे हो," असें ते गृहस्थ आम्हांस म्हणाले. आम्हांस मात्र असा प्रश्न पडला कीं, या पाव तासांत धडा कोणीं कोणास दिला?

आमचे पुष्कळ वाचक व्यापारी आहेत. म्हणून त्यांच्याच पेढीवरचा दाखला घेऊं. जो दुकानदार उधार देतच नाहीं, त्याच्याकडे दोन-चार खेपांनंतर कोणी उधार मागत नाहीं. परंतु जो नऊ वेळां नाहीं म्हणतो आणि दहाव्या खेपेस कंटाळून देतो, त्याच्या दारचा मागणारा कधींच हटत नाहीं. कारण चिवटपणास फळ येतें हें दुकानदारानेंच त्याला शिकविलेलें असतें. अमेरिकेचे मानसशास्त्रज्ञ स्किनर यांनीं विसाव्या शतकांत प्राण्यांवर प्रयोग करून हेंच दाखविलें कीं, दर वेळीं मिळणाऱ्या बक्षिसापेक्षां मधून मधून मिळणाऱ्या बक्षिसानें जडलेली खोड मोडण्यास अधिक कठीण असते. शिवाय, आईबापांनीं खरोखर निश्चय केला म्हणजे पहिले कांहीं दिवस आकांत कमी न होतां वाढतो. बहुतेक घरें हार खातात तीं नेमकीं याच ठिकाणीं, आणि मग "आमच्याकडे कांहीं चालत नाहीं" असें म्हणून मोकळीं होतात.

मूळ आकांतांत डावपेंच नसतो, हेंही जाणले पाहिजे. दोन-तीन वर्षांच्या जीवाची इच्छा मोठी, शब्द थोडे. आणि मनास लगाम घालणारा, कपाळामागील मेंदूचा जो भाग, त्याची वाढ पंचविशीच्या सुमारापर्यंत चालू असते. भुकेल्या किंवा पेंगुळलेल्या मुलास भर बाजारांत शहाणपण सुचावें ही अपेक्षाच अन्यायाची. अशा वेळीं उपदेश व्यर्थ होय. जवळ बसावें, आवाज चढवूं नये, इजा होणार नाहीं एवढें पाहावें आणि मागितलेली वस्तु देऊं नये. नकार थोडे असावेत, पण दिलेला नकार पाळावा. आणि तेंच मूल शांतपणें खेळत असतां तिकडे कोणाचें लक्ष नसतें. रडलें कीं सारें घर धांवतें! हा व्यवहार उलटा करावयास हवा.

अंथरूण ओलें करण्याबद्दल मुलांस मारणारीं सुशिक्षित घरें आम्हांस ठाऊक आहेत. पांच वर्षांच्या वयांत साधारणपणें दर सात मुलांत एकाकडून असें होतें. तें झोपेंत होतें, हट्टानें नव्हे, आणि बहुतेकांचें वयाबरोबर आपोआप थांबतें. झोपेंतील कृत्याबद्दल शिक्षा देणारें न्यायालय आम्हीं तरी पाहिलेलें नाहीं. मात्र कोरडेपणा येऊन कित्येक महिने लोटल्यावर पुन्हां असें होऊं लागलें, किंवा तहान फार वाढली, तर मारूं नये व थांबूंही नये, डॉक्टरांस दाखवावें.

खोटें बोलण्याची गोष्ट याहून बोधप्रद आहे. 2011 सालीं तालवार व ली या संशोधकांनीं पश्चिम आफ्रिकेंतील दोन शाळांतील तीन-चार वर्षांचीं मुलें पाहिलीं. एका शाळेंत मार होता, दुसरींत नव्हता. माराच्या शाळेंतील मुलें अधिक संख्येनें खोटें बोललीं. इतकेंच नव्हे, तर तें खोटें अधिक सफाईनें निभावूं शकलीं. छडी खोटेपणा घालवीत नाहीं, त्याला तरबेज करते!

येथें कोणी ताडनाचें तें प्रसिद्ध सुभाषित पुढें करील. त्यांना आमची विनंती एवढीच कीं, स्वतःचा आधार पुरता वाचावा. त्यांतही पहिलीं पांच वर्षें लालनाचींच सांगितलेलीं आहेत. आणि धपाटे बहुधा खावे लागतात ते याच वयांत. दुसरे म्हणतात, "आम्हीं मार खाल्ला, आमचें काय बिघडलें?" अपघातांतून वांचलेल्याची साक्ष म्हणजे अपघात निरुपद्रवी असल्याचा पुरावा नव्हे. कायद्याचें म्हणाल तर 2009 च्या शिक्षणहक्काच्या कायद्याच्या कलम 17 नें शाळेंतील शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांस मनाई केली आहे, आणि 2015 च्या बालन्याय कायद्याचें कलम 75 मुलाचा ताबा असणाऱ्याच्या क्रूरतेस शिक्षा सांगतें. घरच्या साध्या धपाट्यासाठीं कोणी फिर्याद करणार नाहीं, हें आम्हीही जाणतों. म्हणूनच तो प्रश्न कोर्टाचा न राहतां घराचा राहतो.

भावनगरचे गिजुभाई बधेका हे आमच्याच धंद्यांतले, म्हणजे वकील. वकिली सोडून 1920 सालीं त्यांनीं बालमंदिर काढलें. तेथें त्यांच्या सहकारी झालेल्या ताराबाई मोडक यांनीं पुढें तेंच कार्य मुंबईस व बोर्डीस चालविलें. मारावांचून लहान मुलें शिकतात हें या मंडळींनीं केव्हांच करून दाखविलें आहे. घरींच तें अवघड कां व्हावें? त्याचें एक कारण आम्हांस दिसतें तें हें कीं, घरांत राज्यें अनेक असतात. बाप नाहीं म्हणतो, आजोबा खिशांतून काढून देतात, आई मध्यें सांपडते. मुलास तिन्ही दरवाजे ठाऊक होतात. आज रात्रीं जेवणें झाल्यावर, मूल निजल्यावर, घरांतील वडील मंडळींनीं एकत्र बसून दोन-तीनच गोष्टी ठरवाव्या: जेवतांना मोबाईल नाहीं, दुकानांत रडून वस्तु मिळणार नाहीं, हात कोणीही उगारणार नाहीं. आजोबांची संमति आधीं घ्यावी.