मंडईखालचं स्थानक

पुण्याला रेल्वे आली 1858 मध्ये, पण पेठांत ती कधी शिरलीच नाही. खंडाळ्याहून आलेले रूळ शिवाजीनगरवरून गेले, संगमाजवळ मुठा ओलांडून थेट लष्कराच्या अंगाला लागले आणि स्टेशनही तिकडंच झालं. पेठेतल्या माणसाला गाडी गाठायची तर आधी टांगा, मग रिक्षा आणि त्याआधी रिक्षावाल्याशी बोलणी. 1978 मध्ये लोणावळा लोकल सुरू झाली, तिचाही फायदा चिंचवड-देहूरोडच्या नोकरदारांना. शुक्रवार, बुधवार, कसबा या जुन्या पुण्याच्या पेठा रेल्वेच्या नकाशावर कोऱ्याच राहिल्या. 29 सप्टेंबर 2024 रोजी जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा मेट्रोचा भुयारी टप्पा उघडला आणि पहिली गाडी पेठांच्या खालून गेली. मधे 166 वर्षं गेली. पुण्याच्या मानानं हा वेग वाईट म्हणता येणार नाही.

त्या टप्प्यातलं मंडई स्थानक हे या सगळ्या मार्गावरचं सर्वांत पुणेरी स्थानक. जिल्हा न्यायालयाचं स्थानक भव्य आहे, सुमारे 33 मीटर खोल आहे, छतातून ऊन थेट फलाटावर उतरतं, देशातल्या सर्वांत खोल मेट्रो स्थानकांत त्याची गणना होते. ते बघायला पाहुण्यांना न्यावं. पण मंडईत माणसं काम घेऊन उतरतात. कुणाला तुळशीबागेत जायचं असतं, कुणाला दगडूशेठला, कुणाला पावकिलो मटार नि आळूची जुडी हवी असते.

या जागेचा इतिहास स्थानकापेक्षा बराच जुना आहे आणि तो वादानंच सुरू होतो. पूर्वी पुण्याचा भाजीबाजार शनिवारवाड्यासमोरच्या मोकळ्या मैदानात भरायचा. ऊन, पाऊस, चिखल, सगळं उघड्यावर. नगरपालिकेनं शुक्रवार पेठेत खासगीवाल्यांच्या जागेवर पक्की मंडई बांधायचं ठरवलं. त्याला नगरपालिकेतूनच विरोध झाला आणि विरोध करणाऱ्यांत महात्मा जोतीराव फुले होते, हरी रावजी चिपळूणकर होते. लोकांच्या शिक्षणासाठी पैसा नाही आणि बाजाराच्या इमारतीवर एवढा खर्च कशाला, हा फुल्यांचा मुद्दा होता. बहुमत इमारतीच्या बाजूनं गेलं. कर्नल वॉल्टर ड्यूकॅट यांनी आराखडा केला, वासुदेव बापूजी कानिटकर यांनी बांधकाम केलं आणि 1886 मध्ये मधोमध मनोरा असलेली ती अष्टकोनी दगडी इमारत उभी राहिली. तेव्हाचे गव्हर्नर लॉर्ड रे, म्हणून नाव पडलं रे मार्केट.

पुढची गंमत सगळ्यांना अर्धीमुर्धी ठाऊक असते. 1924 मध्ये मंडईत लोकमान्य टिळकांचा पुतळा बसला, अनावरणाला मोतीलाल नेहरू आले. पाठोपाठ केशवराव जेधे यांनी नगरपालिकेत फुल्यांच्या पुतळ्याचा ठराव आणला, तो मात्र फेटाळला गेला. नंतर आचार्य अत्रे नगरपालिकेत निवडून गेले आणि त्यांच्या पुढाकारानं रे मार्केटचं नाव महात्मा फुले मंडई झालं. म्हणजे ज्या इमारतीला फुल्यांनी विरोध केला तिलाच त्यांचं नाव मिळालं. यात विरोधाभास शोधणारे शोधतात. मला यात पुण्याचा न्याय दिसतो. इथं वाद घालणाऱ्याला विसरत नाहीत, उशिरानं का होईना, पाटी लावतात.

मंडईची इमारत आतून बघितली नसेल तर मेट्रोनं येऊन जरूर बघा. विक्रेते गिऱ्हाइकाच्या पातळीवर बसत नाहीत. गाळ्यांचे ओटे चांगले उंच आहेत. त्यावर भाजीचे ढीग चढवलेले आणि ढिगांच्या मधल्या खळग्यात मावशी किंवा काका मांडी घालून बसलेले. खालून पिशवी वर द्यायची, वरून भाजी खाली येते. घासाघीस करायला मान वर करावी लागते, त्यामुळं सुरुवातीलाच गिऱ्हाईक एक पायरी हरलेलं असतं. चाकवत, चुका, अंबाडी, हिवाळ्यात पावटा आणि सोलाणे अशा भाज्या, ज्या दुकानांतल्या थंड कपाटांत दिसत नाहीत, त्या इथं दिसतात. घाऊक बाजार कधीच गुलटेकडीच्या मार्केट यार्डात गेला, किरकोळ बाजार राहिला. बाहेर नारळ, पानं-फुलं, दुर्वा, पत्रावळी, केरसुण्या, मातीचे माठ. आणि शेजारी अखिल मंडई मंडळाचे शारदा-गजानन, 1894 पासूनचे.

अशा ठिकाणी खाली स्थानक खणायचं म्हटल्यावर काय झालं असेल, याची कल्पना येईल. मेट्रोवर पुण्यात आधी तब्बल दशकभर नुसती चर्चा झाली. दिल्ली मेट्रोनं प्रकल्प अहवाल केला, मग खांबांवरून न्यायची की जमिनीखालून यावर पुणेकरांनी सभा घेतल्या, पत्रं लिहिली, समित्या बसल्या. अखेर डिसेंबर 2016 मध्ये केंद्राची मंजुरी आली आणि त्याच महिन्यात भूमिपूजन झालं. पिंपरी-चिंचवड ते स्वारगेट मार्गापैकी कृषी महाविद्यालयापासून पुढचा सुमारे सहा किलोमीटरचा भाग भुयारी ठरला. दुसरा इलाज नव्हताच. शिवाजी रस्त्यावर मेट्रोचे खांब उभे करायचे म्हटले असते तर गणपतीच्या मिरवणुकीनंच ते बाजूला सारले असते.

खणायला तीन यंत्रं आली. त्यांची नावं मुळा, मुठा आणि पवना. मुळा आणि मुठा कृषी महाविद्यालयाकडून निघाल्या, पवना स्वारगेटकडून मंडईच्या दिशेनं. यंत्राच्या तोंडाशी फिरतं चाक, त्यावर कातळ फोडणारी पाती. चाक काळा बसाल्ट कुरतडत पुढं सरकतं, मागून काँक्रीटच्या तयार तुकड्यांची कडी बसते. एक कडी पुरी झाली की यंत्र तिलाच रेटा देऊन पुढची वाटचाल करतं. मुठा नदीच्या तळाखालूनही असंच जायचं होतं, आणि मुठा नावाचं यंत्र मुठेच्या खालून जातं याचं बांधकामावरच्या लोकांनाही कौतुक होतं. जायला दोन आणि यायला दोन रूळ, म्हणजे बोगदे दोन. एकूण लांबी बारा किलोमीटरच्या आसपास. जून 2022 मध्ये पवना बुधवार पेठेच्या बाजूला बाहेर पडली आणि बोगद्यांचं काम संपलं.

वरच्या लोकांना काळजी होती ती वाड्यांची. पेठांत शंभर-दीडशे वर्षांच्या मातीच्या भिंती आहेत, त्यांना धक्का नको होता. यंत्र जाण्याआधी मार्गावरच्या इमारतींची पाहणी झाली, कंपनं मोजली गेली. कसबा पेठेत मात्र स्थानकासाठी कुटुंबांना घरं सोडावी लागली. त्यावरून मोर्चे निघाले, बैठका झाल्या. मंडईतही काही विक्रेत्यांना जागा सोडावी लागली. मेट्रोच्या गौरवाच्या लेखांत हा भाग एका ओळीत उरकतात. ज्याचा गाळा हलतो त्याची वर्षानुवर्षांची गिऱ्हाइकं तुटतात, आणि गिऱ्हाईक म्हणजे काही सामान नव्हे की टेम्पोत घालून नव्या जागी उतरवलं. शनिवारवाड्यासमोरच्या भाजीवाल्यांना 1886 मध्ये जे वाटलं असेल तेच त्यांच्या पणतवंडांना आता वाटलं.

खोदताना जमिनीनंही आपली जुनी कागदपत्रं बाहेर काढली. 2019 मध्ये स्वारगेटला पाणी वाहून नेणारा जुना भुयारी मार्ग सापडला. 2020 च्या सुरुवातीला मंडईच्या खड्ड्यात हत्तीच्या हाडांसारखी मोठी हाडं निघाली, ती डेक्कन कॉलेजच्या अभ्यासकांकडं गेली. बातमी छापून आली तशी चौकाचौकांत पेशव्यांच्या हत्तींच्या कथा सुरू झाल्या. त्या कथांचा पुरावा हाडांइतका भक्कम नव्हता, पण ऐकायला छान होत्या. खरं तर पुण्याला जमिनीखालची वाहतूक नवी नाही. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातलं पाणी भुयारी नळातून शनिवारवाड्यापर्यंत आलं. वाटेत ठिकठिकाणी हौद होते, नळ साफ करायला आणि हवा खेळती ठेवायला उच्छ्वास होते. गणित एवढंच की पाणी उतारानं आपसूक यायला हवं. तेव्हा जमिनीखालून पाणी आणलं, आता माणसं आणली.

उद्‌घाटनानंही पुणेरी नाट्य घडवलं. 26 सप्टेंबर 2024 ला पंतप्रधान पुण्यात येणार होते, पावसानं कार्यक्रम रद्द झाला. तयार मार्ग पाहुण्यांची वाट बघत का थांबवायचा, म्हणून विरोधकांनी आंदोलन केलं. तीन दिवसांनी दूरदृश्य प्रणालीनं उद्‌घाटन उरकलं. त्याच कार्यक्रमात भिडेवाड्यातल्या सावित्रीबाई फुले स्मारकाचं आणि स्वारगेट-कात्रज विस्ताराचं भूमिपूजन झालं. जुळून आलेला योग असा की भिडेवाडा मंडई स्थानकापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. 1848 मध्ये फुल्यांनी मुलींची शाळा काढली ती तिथंच.

महिनाही झाला नव्हता तोच, 20 ऑक्टोबरच्या मध्यरात्री, स्थानकाच्या वरच्या भागात वेल्डिंगच्या ठिणगीनं फोमनं पेट घेतला. गाड्या बंद झालेल्या होत्या, कुणाला इजा झाली नाही, अग्निशामक दलानं आग आटोक्यात आणली. पण जमिनीखालच्या वास्तूत धूर ही चेष्टेची गोष्ट नाही. उद्‌घाटन झालं आणि काम मात्र चालूच आहे, अशी आपली सवय आहे. त्या रात्री ती स्वस्तात निभावली.

आता कौतुकाचा भाग. सन 2023 च्या ऑगस्टमध्ये शिवाजीनगर आणि जिल्हा न्यायालय ही स्थानकं सुरू झाली तेव्हाच महाराष्ट्रातली पहिली भुयारी मेट्रो पुण्यात धावली. मुंबईची भुयारी मार्गिका ऑक्टोबर 2024 मध्ये आली. लंडननं जमिनीखाली रेल्वे 1863 मध्ये चालवली, कोलकात्यानं 1984 मध्ये, त्यामुळं फार मिजास करण्यात अर्थ नाही. पण मुंबईच्या आधी म्हटल्यावर पुणेकर ऐकून घेतो, एवढं मात्र खरं.

या स्थानकाची खरी परीक्षा 2025 च्या गणेशोत्सवात झाली. पेठांखालून मेट्रो असलेला तो पहिला गणपती. दहा दिवस रात्री उशिरापर्यंत गाड्या होत्या, अनंत चतुर्दशीला तर दिवस-रात्र. त्या एका दिवसात मेट्रोनं जवळपास सहा लाख लोकांना नेलं-आणलं. गर्दी एका मंडईवर तुटून पडू नये म्हणून कसबा पेठ स्थानकही वापरा, अशी आवाहनं झाली. पिंपरीहून, भोसरीकडून येणारी कुटुंबं पूर्वी गाडी लावायला जागा मिळेपर्यंत अर्धी दमायची. आता ती थेट मानाच्या गणपतींच्या दारात उतरू लागली.

माझी तक्रार स्थानकाबद्दल नाही, त्याच्या तोंडापासून पुढच्या दोनशे पावलांबद्दल आहे. सरकता जिना तुम्हाला झकास वर आणतो आणि वर येताच तुमची गाठ पडते ती उलट दिशेनं घुसलेल्या दुचाकीशी. पदपथ आहे, पण त्यावर खोकी आहेत, स्कूटर आहेत, माल उतरवणारा टेम्पो आहे. खाली प्रत्येक पायरीचा विचार केलेला आणि वर आल्यावर जो तो आपापल्या नशिबावर. हजारो कोटींचा बोगदा खणून माणसाला मंडईत आणायचं आणि मंडईपासून तुळशीबागेपर्यंत त्यानं जीव मुठीत धरून चालायचं, हा हिशेब जुळत नाही. रामेश्वर चौकापासून शिवाजी रस्त्यापर्यंतचा पट्टा ठरावीक वेळेत वाहनांना बंद करून बघायला हरकत नाही. व्यापारी आधी विरोध करतील. करू द्यावा. चालत आलेलं गिऱ्हाईक थांबतं, गाडीवरचं पुढं जातं, हे त्यांना आपल्यापेक्षा लवकर कळतं.

स्वारगेटच्या पुढं कात्रजकडचा मार्ग होईल तेव्हा त्यावर मार्केट यार्डचंही स्थानक असेल. घाऊक बाजार आणि किरकोळ मंडई मग एकाच गाडीनं जोडली जातील. तोवर, स्वारगेट किंवा कसबा पेठेहून मंडईचं तिकीट दहा रुपये आहे. बाबू गेनू वाहनतळावर जागा शोधण्यात जेवढा वेळ आणि जेवढा संयम खर्ची पडतो त्याच्या तुलनेत हे फुकट आहे. रविवार टाळा, सकाळी दहाच्या आत या, आणि दर सांगितला की लगेच हो म्हणू नका.