सिस्टर इमॅन्युएल : बासष्टाव्या वर्षीची नवी शाळा

ब्रुसेल्समध्ये १९०८ साली जन्मलेल्या या कॅथलिक धर्मभगिनीने इस्तंबूल, ट्यूनिस, अलेक्झांड्रिया इथे जवळजवळ चाळीस वर्षं शिकवलं. बऱ्याच विद्यार्थिनी सुखवस्तू घरांतल्या.

आपण पेन्शनच्या कागदांमागे धावतो त्या वयात, १९७१ मध्ये, त्या कैरोतल्या कचरा वेचणाऱ्यांच्या वस्तीत राहायला गेल्या. साधी झोपडी, शेजारी कचऱ्याचे ढीग आणि डुकरं. तिथली मुलं वडिलांबरोबर गाढवगाडीवर कचरा आणायची, घरी बसून निवडायची. मग शाळेत येणार कधी? (शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणात आपल्यालाही हा प्रश्न पडतोच ना!) म्हणून बाईंनी मुलांना बोलावण्याआधी त्यांच्या शेजारी बिऱ्हाड केलं. पुढे शाळा, दवाखाना उभा राहिला. १९९३ मध्ये त्या फ्रान्सला परतल्या. २० ऑक्टोबर २००८ रोजी गेल्या, तेव्हा शंभरीला महिनाही उरला नव्हता.