मोटर चाकात की पेडलपाशी?

इलेक्ट्रिक सायकलची मोटर सहसा दोनपैकी एका ठिकाणी असते. चाकाच्या मध्यभागी बसवली तर ती हब मोटर. सांगाड्याच्या तळाशी, पेडलच्या आसापाशी बसवली तर मिड-ड्राइव्ह. दोन्ही कल्पना शंभर वर्षांहून जुन्या आहेत. अमेरिकेत ऑग्डेन बोल्टन यांनी 1895 मध्ये मागच्या चाकातील मोटरचे पेटंट घेतले, तर बोस्टनच्या होझिया लिबी यांनी 1897 मध्ये मोटर पेडलच्या आसाशी आणली. पाय मारेल त्या प्रमाणात साथ देणारी सायकल यामाहाने जपानमध्ये 1993 साली बाजारात आणली. तिची मोटर पेडलपाशीच होती.

हब मोटर चाकाला थेट फिरवते. चेन आणि गिअर यांच्याशी तिचा संबंध येत नाही. मिड-ड्राइव्हचा जोर मात्र चेनमधून मागच्या चाकाकडे जातो, त्यामुळे सायकलचे गिअर स्वाराच्या पायांइतकेच मोटरच्याही उपयोगी पडतात. निवडीचा सगळा प्रश्न या एका फरकातून निघतो, आणि तो कळतो चढावर.

स्वार आणि सायकल मिळून 100 किलो वजन आहे आणि रस्ता दर 100 मीटरला 10 मीटर चढतो आहे, असे धरू. ताशी 10 किलोमीटर वेगाने वर जायला सुमारे 280 वॅट शक्ती लागते. 26 इंची चाक तेव्हा मिनिटाला साधारण 80 फेरे घेते. ताशी 25 किलोमीटरसाठी बनवलेली हब मोटर 200 फेऱ्यांच्या आसपास उत्तम चालते. 80 फेऱ्यांवर तिला करंट जास्त लागतो आणि त्याचा मोठा भाग उष्णतेत जातो. टॉप गिअरमध्ये घाट चढू पाहणाऱ्या मोटारसायकलसारखी तिची अवस्था होते. मिड-ड्राइव्हचा स्वार अशा वेळी गिअर खाली टाकतो आणि मोटर आपल्या सोयीच्या वेगात फिरत राहते. पसरणी किंवा सिंहगडाच्या घाटात नेहमी जायचे असेल, तर मिड-ड्राइव्हला पर्याय नाही.

जाहिरातीतले आकडे इथे दिशाभूल करतात. भारतात ढोबळमानाने 250 वॅटच्या आतली आणि ताशी 25 किलोमीटरला साथ थांबवणारी सायकल मोटार वाहन मानली जात नाही, म्हणून दोन्ही प्रकारांवर बहुधा 250 वॅटच लिहिलेले असते. टॉर्कचा, म्हणजे फिरवण्याच्या जोराचा, आकडाही जपून वाचावा. बॉशच्या परफॉर्मन्स लाइन सीएक्स मोटरचा टॉर्क 85 न्यूटन-मीटर सांगितला जात असे. पण तो पेडलच्या आसावरचा. पुढे 42 आणि मागे 11 दात असलेल्या गिअरमध्ये त्यातला जेमतेम 22 चाकापर्यंत पोचतो. हब मोटरचा आकडा सरळ चाकावरचा असतो, त्यामुळे सपाट रस्त्यावर तिचे 35 किंवा 40 अजिबात कमी नाहीत.

हब मोटरचेही दोन प्रकार आहेत. थेट फिरणाऱ्या मोटरमध्ये बेअरिंगखेरीज झिजण्यासारखे काही नसते, पण ती जड असते आणि वीज बंद असताना चाकाला किंचित अडवते. दुसरीत लहान दातेरी चाके असतात. ती हलकी असते, पेडल न मारता सायकल मोकळी धावू देते. मात्र तिचे नायलॉनचे दाते कालांतराने बदलावे लागू शकतात.

मिड-ड्राइव्हची किंमत आणि देखभाल दोन्ही जास्त. स्वार आणि मोटर दोघांचा जोर एकाच चेनवर पडतो, म्हणून चेन आणि दातेरी चकत्या लवकर झिजतात. जोर असताना गिअर बदलला तर चेन तुटूही शकते. पाय क्षणभर सैल सोडण्याची सवय लावावी लागते. हब मोटरवाल्या सायकलची चेन तुटली तरी पेडल न मारता मोटर चालवणारा थ्रॉटल असेल तर घरी पोचता येते. तिची अडचण पंक्चरची: मागचे चाक काढायचे तर आधी मोटरची वायर सोडवावी लागते आणि आसाचे जाड नट उघडायला मोठा पाना लागतो. नट पुन्हा नीट आवळले नाहीत आणि आस अडवणारी पट्टी बसवली नाही, तर आस खाचेत फिरून वायर तुटते.

चालवण्याचा अनुभव मोटरच्या जागेइतकाच सेन्सरवर ठरतो. पेडल फिरते आहे एवढेच ओळखणारा सेन्सर मोटर चालू किंवा बंद करतो. पायाचा दाब मोजणारा त्या प्रमाणात साथ देतो. दुसरा मिड-ड्राइव्हमध्ये सहसा असतोच. तो असलेली हब मोटर मिळाली, तर शहरी वापरासाठी मिड-ड्राइव्हवर जादा खर्च करण्याचे कारण उरत नाही.

सपाट शहरात रोज दहा-पंधरा किलोमीटर जाणाऱ्याने दातेरी चाकांची हब मोटर घ्यावी, घाटातल्या किंवा ओझे वाहणाऱ्या माणसाने मिड-ड्राइव्ह. पैसे देण्याआधी रोजच्या वाटेवरच्या सर्वांत अवघड चढावर मध्येच थांबून पुन्हा निघून पाहावे, आणि मोटर बिघडली तर ती गावातच दुरुस्त होते की कंपनीकडे पाठवावी लागते, हे विक्रेत्याकडून लेखी घ्यावे.